डी विट् क्लिंटन व न्यूयॉर्कचें डच दप्तर

ईरी कालव्याचा प्रवर्तक म्हणून डी विट् क्लिंटन याचें नांव अमेरिकेच्या इतिहासांत प्रसिद्ध आहे. परंतु जुन्या कागदपत्रांशीं त्याचा जो संबंध आला, तो आपल्या वाचकांस विशेष परिचित नसावा. सबब तो येथें थोडक्यांत नमूद करितों.

क्लिंटनचा जन्म इ. स. १७६९ चा. न्यूयॉर्क संस्थानचा पहिला गव्हर्नर जॉर्ज क्लिंटन हा त्याचा चुलता. त्याचा चिटणीस म्हणूनच पुतण्याचा राजकारणांत प्रवेश झाला. १८०३ ते १८१५ या काळांत, मध्यें दोनदां खंड पडून, तो न्यूयॉर्क शहराचा मेयर होता. १८१२ सालीं अध्यक्षपदाच्या निवडणुकींत मॅडिसननें त्याचा पराभव केला. १८१७ त तो गव्हर्नर झाला व त्याच वर्षीं कालव्याच्या कामास आरंभ झाला. १८२४ त विरोधकांनीं त्यास कालवा-मंडळावरून दूर केलें. तेव्हां लोकांनीं चिडून त्यालाच पुन्हां गव्हर्नर निवडलें. १८२५ त ३६३ मैलांचा कालवा पुरा झाला, तेव्हां ईरी सरोवराचें पाणी समुद्रांत ओतण्याचा मान त्यासच मिळाला.

मेयर असतांनाच, १८०४ सालीं, न्यूयॉर्कच्या इतिहास-मंडळाच्या स्थापनेंत त्यानें भाग घेतला होता. १६६४ त इंग्रजांनीं घेण्यापूर्वीं हा प्रांत डचांचा होता. त्या अमदानीचें दप्तर सरकारच्या ताब्यांत होतें, पण तें वाचणारे विरळ. गव्हर्नर झाल्यावर क्लिंटननें त्याच्या इंग्रजी तर्जुम्याचें काम व्हॅन् डर केम्प या वृद्ध डच धर्मोपदेशकाकडे सोंपविलें. १८१८ ते १८२२ या अवधींत त्यानें हस्तलिखिताचे २४ खंड सिद्ध केले. दृष्टि अधू व काम घाईचें, त्यामुळें त्यांत चुका फार राहिल्या. तरीहि पुढील कित्येक लेखकांनीं अस्सल सोडून या तर्जुम्यावरच भिस्त ठेविली.

२९ मार्च १९११ रोजीं आल्बनीच्या सरकारी ग्रंथालयास आग लागली. केम्पचे खंड कधींच छापले गेले नव्हते. ते भस्मसात् झाले. डच अस्सलें मात्र खालच्या फळ्यांवर असल्यामुळें, कडा करपूनहि, बहुतांशीं बचावलीं, आणि १९७४ पासून त्यांवरून नवें भाषांतर सुरू झालें.

क्लिंटनची दृष्टि योग्य होती, साधन अपुरें पडलें. नक्कल वा तर्जुमा झाला म्हणजे मूळ कागदाचें काम संपलें, असें मानणाऱ्या संग्राहकांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवावी.