दवंडी आणि वेस



पत्रिकेतला विषय वाचून माझ्या एका मित्राने विचारले, "इतिहासाच्या व्यासपीठावर हे मिस्त्रीकाम कशाला?" त्याचे म्हणणे अगदीच खोटे नाही. घरच्या वाय-फायवरून गाणी वाजवणारी पेटी मोबाईलला दिसत नसेल, तर बोलवायचे ते शेजारच्या जाणत्या पोराला, व्याख्यात्याला नव्हे. परंतु पेटी दिसत नाही म्हणजे नेमके काय होत नाही, असा प्रश्न मी एकदा स्वतःला घातला आणि त्याचे उत्तर शोधता शोधता बराच मागे गेलो. तोच प्रवास आज तुमच्यासमोर मांडणार आहे.

निमित्त घरचेच आहे. रामनगरात माझी थोरली बहीण राहते. भाऊजींना जाऊन काही वर्षे झाली. त्यांना कीर्तने आणि घरच्या भजनाच्या बैठकी टेपवर उतरवून ठेवण्याचा नाद होता. त्यांत मधूनमधून त्यांचा स्वतःचाही आवाज आहे. भाच्याने त्या साऱ्या कॅसेटी संगणकात उतरवल्या आणि आईला एका बोटासरशी ऐकता याव्यात म्हणून नेटवर्कवरची एक वादक पेटी आणून वरच्या मजल्यावर बसवली. पेटीचा दिवा लागला, परदेशातले रेडिओसुद्धा तिच्यावर लागले. परंतु खाली ताईच्या मोबाईलवर एकच ओळ : उपकरण सापडले नाही. दुकानदाराने भलेपणाने पेटी बदलून दिली. दुसरीही दिसेना. ताई म्हणाली, "जाऊ दे रे, माझ्या नशिबी नाही त्यांचा आवाज." एवढे ऐकल्यावर स्वस्थ बसवेना.

ऐकणाऱ्याने बोलणाऱ्याला शोधावे कसे, हा प्रश्न काही आजचा नाही. आपल्या जवळच सेवाग्रामच्या आश्रमात एक टेलिफोन जपून ठेवलेला आहे. व्हाइसरॉयला गांधीजींशी बोलणे सोयीचे व्हावे म्हणून तो बसवला होता. टेलिफोनात शोधण्याचा प्रश्नच नसतो. तार या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली असते आणि कोणाला कोणाशी जोडायचे हे मधल्या एक्स्चेंजला ठाऊक असते.

रेडिओचे तसे नव्हते. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले, १९४८ साली नागपूरचे झाले. केंद्र आपले बोलत राही. ऐकणाऱ्याने काटा फिरवून त्याला गाठावे. तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना त्या संचांतला हिरवा डोळा आठवत असेल. केंद्र नीट लागले की त्याची पापणी मिटत येई. खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाळीची एरियल ताणलेली असे. केंद्र लागले नाही तर रेडिओ फेकून देण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. काटा, एरियल आणि हवा यांची चौकशी आधी होई. ही शहाणपणाची सवय पुढे आपण कुठे हरवली कोण जाणे.

या शोधाशोधीचे मोल वर्ध्याला वेगळे सांगायला नको. १४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ठराव केला तो इथेच, वर्ध्यात. ९ ऑगस्टला पुढारी पकडले गेले, वर्तमानपत्रांवर बंधने आली, आणि त्याच महिन्यात मुंबईत उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्यांची अडचण मोठी विलक्षण होती. श्रोत्याला सापडले पाहिजे आणि पोलिसाला सापडता कामा नये! म्हणून आपली लहर, ४२.३४ मीटर, ते उघड सांगत. जागा मात्र हिंदुस्थानात कुठेतरी एवढीच सांगत आणि ती सारखी बदलत. १२ नोव्हेंबर १९४२ला ते पकडले गेले. तोवर ज्याला आकडा ठाऊक होता त्याला आवाज सापडत होता. जागा ठाऊक नसली तरी चालते, पण हाक कुठे ऐकायची ते आधी ठरलेले असावे लागते. ही गोष्ट ध्यानात ठेवा. ताईच्या घरी तिचा उपयोग होणार आहे.

आता संगणकांकडे वळू. १९६९ साली अमेरिकेत अर्पानेट सुरू झाले. पुढे त्यावरच्या सर्व यंत्रांची नावे आणि आकडे एका यादीत ठेवू लागले आणि ती यादी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट सांभाळी. यंत्रे वाढली, यादी आवरेना. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची वाटून सांभाळायची व्यवस्था आखली, आणि तीच आजही जगभर चालते. पण कुणीतरी नोंद ठेवायची हे तत्त्व कायम राहिले. म्हणजे पुन्हा टेलिफोनचे एक्स्चेंजच म्हणा.

घरात ही नोंद कोण ठेवणार? छापण्याचे यंत्र आणले, गाण्याची पेटी आणली, की दर वेळी तलाठ्याकडे जाऊन फेरफार नोंदवायचा काय? याला दुसरा मार्ग आपल्या खेड्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता. कोतवाल डफडे वाजवीत गल्लोगल्ली फिरे आणि ओरडून सांगे. ज्याला काम आहे तो ओटीवर येई; इतर आपल्या कामात राहत. संगणकांच्या जगात ही दवंडी पद्धतशीरपणे मांडली ती स्टीव्ह डीअरिंग यांनी. १९८९ साली तिचे नियम प्रसिद्ध झाले. एकाने एकदाच पुकारायचे आणि ऐकू इच्छिणाऱ्या सर्वांनी ऐकायचे. त्यावर दोन रीती उभ्या राहिल्या. एक १९९९च्या सुमारास अनेक कंपन्यांच्या मंडळाने काढली. दुसरी स्टुअर्ट चेशायर यांच्या खटपटीतून आली. अॅपलने ती २००२ साली बाजारात आणली आणि २०१३ साली ती सर्वांसाठी नियम म्हणून छापली गेली. पहिलीची हाक २३९.२५५.२५५.२५० या आकड्यावर उठते, दुसरीची २२४.०.०.२५१ वर. मोबाईल विचारतो, "गाणे वाजवणारे कोणी आहे काय?" आणि पेटी उत्तर देते, "मी आहे, अमुक ठिकाणी." काँग्रेस रेडिओच्या ४२.३४ सारखाच हा आधी ठरलेला आकडा. केवढी सोपी आणि केवढी सुंदर युक्ती!

परंतु दवंडी वेशीपाशी थांबते. पलीकडच्या गावात आपल्या कोतवालाचे काय काम? हा दोष नव्हे, मुद्दाम केलेली तजवीज आहे. नाहीतर रामनगरातल्या पेटीची हाक साऱ्या जगाच्या कानी आदळली असती. घराच्या जाळ्याची वेस म्हणजे राउटर. दुसऱ्या रीतीची हाक तर राउटरने कधीच पुढे धाडायची नाही, असा नियमच आहे.

ताईच्या घरी घडले ते हेच. खाली केबलवाल्याने बसवलेला राउटर होता. वर वाय-फाय पोचत नाही म्हणून भाच्याने मध्ये एक तार टाकून दुसरा राउटर लावला. मी दोन्हीकडचे आकडे पाहिले. मोबाईलचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत होता, पेटीचा १९२.१६८.० ने. एका घरात दोन गावे वसली होती! दोन्ही गावांतून जगाकडे जाणारा रस्ता चालू, म्हणून इंटरनेट ठणठणीत. पण एका गावची दवंडी दुसऱ्यात जाईना. पेटी बिचारी निर्दोष होती, आणि तिच्या आधीची परत पाठवलेली पेटीही निर्दोष होती.

इतर ठिकाणी कारण दुसरे असू शकते. पाहुण्यांसाठी वेगळे वाय-फाय ठेवतात, ते धर्मशाळेसारखे असते. फाटकातून बाहेर जाता येते, शेजारच्या खोलीत डोकावता येत नाही. पेटीचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने तिला पत्ताच दिलेला नाही असे समजावे आणि दवंडीची चौकशी सोडून आधी तिथे पाहावे. वाय-फायमध्ये आणखी एक खोड आहे. एकाने एकाला पाठवलेला निरोप पोचल्याची पावती येते, न आल्यास तो पुन्हा पाठवला जातो. दवंडीला मात्र पावती नाही, हवेत विरली ती विरली. म्हणून पेटी कधी दिसते, कधी दिसत नाही, आणि लोक भुताटकी म्हणतात. पेटीला थेट तार जोडली की त्यातले निम्मे भूत उतरते. काही ठिकाणी मधला स्विच फार काटकसरी असतो. ज्याने ऐकण्याची इच्छा कळवली त्याच्याच दारी हाक नेतो, आणि ती इच्छा वरचेवर विचारणारा कोणी नसला तर काही मिनिटांनी त्याचे नाव गाळतो. तशात २०२० पासून आयफोनवरचा प्रत्येक कार्यक्रम घरच्या जाळ्यात पुकारण्यापूर्वी मालकाची परवानगी मागतो. घाईत "नाही" म्हटले गेले की कोतवालाचे तोंडच बांधले.

दवंडीचा एवढा खटाटोप नको, कंपनीच्या दूरच्या संगणकावर नोंद करा आणि मोकळे व्हा, असे म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. स्क्वीझबॉक्स नावाच्या पेट्या २००३ पासून विकल्या जात; २०१२ साली त्यांचे उत्पादन थांबले आणि २०२४ साली कंपनीने आपला दूरचा नोंदणी-संगणकही बंद केला. तरी त्या पेट्या आज वाजतात. घरच्याच एखाद्या संगणकावर चालणारा, सर्वांना खुला असलेला कार्यक्रम त्यांना ठाऊक होता आणि घरातल्या घरात एकमेकांना हाक मारणे त्या विसरल्या नव्हत्या. भाऊजींचा आवाज कोणा परक्या कंपनीच्या मर्जीवर टांगलेला असावा, हे मला सोसले नसते.

ताईच्या घरचा उपाय दहा मिनिटांचा निघाला. वरच्या राउटरचे पत्ते वाटण्याचे काम बंद केले, त्याचा स्वतःचा पत्ता खालच्या गावातला, पण कोणी न वापरलेला, असा दिला, आणि खालून आलेली तार बाहेरच्या खोबणीतून काढून आतल्या खोबणीत लावली. वेस मोडली, एक गाव झाले. पेटी बंद करून पुन्हा लावली तेव्हा ताईच्या मोबाईलवर तिचे नाव आले. पहिलेच कीर्तन लागले त्यात बुवांच्या आधी भाऊजी कुणाला तरी पंखा बंद करायला सांगत होते; त्याचा आवाज टेपमध्ये येतो म्हणून.