प्रणाली अभियांत्रिकी व कृत्रिम बुद्धिमत्ता : पदव्युत्तर शिक्षण

प्रणाली अभियांत्रिकी म्हणजे अनेक विद्याशाखांचे सुटे भाग एकत्र आणून गुंतागुंतीची यंत्रणा उभारण्याचे व ती चालती ठेवण्याचे शास्त्र. आयआयटी मुंबईत 'सिस्टिम्स अँड कंट्रोल' हा विषय एम.टेक. व पीएच.डी.साठी शिकवला जातो. विद्युत, यांत्रिकी, रसायन अशा वेगवेगळ्या शाखांचे पदवीधर तिथे एका वर्गात बसतात, आणि या विषयाचे खरे बळ त्यातच आहे.

अशा यंत्रणेचा उत्तम नमुना विद्यार्थ्याला जुन्नर तालुक्यातील खोडद येथे दिसतो. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या तिथल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीत (जीएमआरटी) ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. तबकडीचा पृष्ठभाग बारीक पोलादी तारांच्या जाळीचा. वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका ठेवता आला. इथे स्थापत्य, यंत्र, प्रकाशतंतू व संगणक यांपैकी एकाचा निर्णय बाकी सगळ्यांना बांधून ठेवतो. वीजवाहिन्यांवरील ठिणग्यांचा गोंगाट आकाशातल्या क्षीण संकेतांत मिसळतो. तो तत्क्षणी ओळखून गाळण्यासाठी संख्याशास्त्रीय चाळणी वापरतात. यंत्र-अध्ययनाला, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका शाखेला, इथे मोठा वाव आहे. मात्र गोंगाट कोणता व तारा कोणता, हे आधी खगोलशास्त्रज्ञालाच सांगावे लागते.