नाशिकला समुद्र नाही, तरी इथली द्राक्षं जहाजानेच का जातात?

भारतातून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांमध्ये सर्वात मोठा वाटा नाशिक जिल्ह्याचा आहे. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव परिसरातली द्राक्षं थेट नेदरलँड्स आणि ब्रिटनच्या सुपरमार्केटमध्ये पोहोचतात. जवळच ओझरला विमानतळ आहे, कार्गोची सोयही आहे. मग इतका नाशवंत माल काही आठवड्यांच्या समुद्रप्रवासाला का पाठवला जातो?

जहाजच का?

कारण वजन. द्राक्षात सुमारे 80 टक्के पाणी असतं. विमानाचं किलोमागचं भाडं जहाजापेक्षा कित्येक पट जास्त असतं. ते भरलं तर द्राक्षाचा भाव युरोपच्या बाजारात टिकत नाही. उलट 40 फुटी रीफर, म्हणजे शीत कंटेनरमध्ये एका वेळी 12 ते 14 टन माल बसतो.

बागेतून बंदरापर्यंत

तोडणीनंतर काही तासांतच द्राक्षं प्री-कूलिंगमध्ये जातात आणि त्यांचं तापमान शून्य अंशाजवळ आणलं जातं. बुरशी लागू नये म्हणून पेटीत सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद, म्हणजे ग्रेप गार्ड ठेवतात. मग कंटेनर कसारा घाट उतरून उरण तालुक्यातल्या न्हावाशेवा इथे, जवाहरलाल नेहरू बंदरात पोहोचतो. 1989 मध्ये सुरू झालेलं हे बंदर आज देशातल्या सर्वात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक आहे. वाटेत आणि जहाजावरही थंडावा तुटला, तर माल गेलाच.

ओझरचं काय?

ओझरची धावपट्टी हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेडची (एचएएल). 1964 मध्ये इथे मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. एचएएल आणि कंटेनर कॉर्पोरेशन (कॉनकॉर) यांचा ‘हॅलकॉन’ हा संयुक्त प्रकल्प इथे एअर कार्गोचं काम पाहतो. पण विमानाने जाणारा बराचसा शेतमाल प्रवासी विमानांच्या पोटातून जातो. अशी आंतरराष्ट्रीय उड्डाणं मुंबईत भरपूर आहेत, त्यामुळे मालही तिकडेच वळतो.

मार्ग बदलला की काय होतं?

2023 च्या अखेरीस हुथी बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले. शिपिंग कंपन्यांनी सुएझ कालवा टाळून आफ्रिकेला वळसा घातला. 2024 च्या हंगामात युरोपचा प्रवास साधारण 10 ते 15 दिवसांनी लांबला आणि भाडंही वाढलं. द्राक्षाचं टिकाऊपण मात्र तेवढंच राहिलं. येमेनजवळच्या हल्ल्याचा फटका निफाडच्या बागायतदाराला बसला तो असा.

पुढे काय बदलू शकतं?

निफाड साखर कारखान्याच्या जागेवर ड्राय पोर्ट उभारण्याचा प्रस्ताव अनेक वर्षं चर्चेत आहे. ड्राय पोर्ट म्हणजे समुद्रापासून दूर असलेलं बंदर. कस्टम तपासणी आणि कागदपत्रं तिथेच पूर्ण होतात, सील केलेला कंटेनर थेट बंदरात जातो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून 2025 मध्ये खुला झाला, त्यामुळे कसारा घाटाला पर्याय मिळाला. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी झालं. ते पूर्ण झाल्यावर नाशिकला दुसरं मोठं बंदर मिळेल.

यातून लाल समुद्रातला धोका टळणार नाही. पण बाग ते बंदर या प्रवासातले तास वाचले, तर समुद्रात वाढणाऱ्या दिवसांसाठी द्राक्षाकडे थोडा जास्त वेळ उरेल.