मनाई हुकूम, निराधार : प्रतिवाद व निरसन

दाव्याचा अंतिम निकाल होईपर्यंत प्रतिवादीने अमुक कृत्य करू नये, असे फर्माविणारा दिवाणी न्यायालयाचा अंतरिम आदेश म्हणजे तूर्तातूर्त मनाई हुकूम; तो पुरेशा आधारावाचून अथवा वस्तुस्थिती दडवून मिळविला गेला असता तो उठविण्याचे उपाय भारतात मुख्यतः दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ हिच्या आदेश ३९ मध्ये सांगितलेले आहेत. महाराष्ट्रातील न्यायालयांत असा अर्ज प्रथेने पाचव्या निशाणीस दाखल होत असल्यामुळे वकील व पक्षकार त्यास ‘निशाणी ५’ असेच म्हणतात.

विरुद्ध पक्षास नोटीस देऊन मगच हुकूम करावा, हा नियम; विलंबाने अर्जाचा हेतूच विफल होणार असेल तेव्हा एकतर्फी हुकूम, हा अपवाद. १९७६ च्या दुरुस्तीने त्या अपवादास बंधने घातली : न्यायाधीशाने कारणे नमूद करावीत, अर्जदाराने दाव्याच्या व कागदपत्रांच्या नकला प्रतिवादीस तत्काळ पोहोचवून वा रजिस्टर टपालाने धाडून तसे प्रतिज्ञापत्र त्याच किंवा दुसऱ्या दिवशी द्यावे, आणि न्यायालयाने ३० दिवसांत अर्ज निकालात काढण्याचा प्रयत्न करावा.

प्रतिवादीने वकीलपत्रासह हजर होऊन अर्जावर म्हणणे द्यावे व चौथ्या नियमान्वये हुकूम रद्द करण्याची मागणी करावी. वादीचा सकृद्दर्शनी हक्क, उभयतांच्या सोयी-गैरसोयीचा तौल आणि पैशाने भरून न येणारे नुकसान, या तिन्ही कसोट्यांवर तेव्हा विचार होतो. एकतर्फी हुकूम मिळविताना वादीने महत्त्वाच्या बाबीसंबंधी जाणूनबुजून खोटे वा दिशाभूल करणारे विधान केले असेल, तर तो उठविणे न्यायहितार्थ आवश्यक नसल्याची कारणे नमूद केल्याखेरीज न्यायालयास तो उठवावाच लागतो. उदाहरणार्थ, ऐन पेरणीच्या तोंडावर वादीने शेजारच्या गटात आपला कबजा असल्याचे सांगून हुकूम आणला, परंतु सात-बारावरील पीकपाहणी वर्षानुवर्षे प्रतिवादीच्या नावे असून त्याच जमिनीचा पूर्वीचा दावा वादी हरलेला होता, तर त्या निकालाची सहीशिक्क्याची नक्कल दहा तोंडी साक्षींहून अधिक वजनाची ठरते. कारण प्रतिपक्षाच्या गैरहजेरीत न्याय मागणाऱ्यावर त्याला प्रतिकूल असलेले सत्यही सांगण्याची जबाबदारी असते.

हुकूम कितीही अन्यायाचा वाटला, तरी तो उठेपर्यंत पाळलाच पाहिजे. अवज्ञा केल्यास मालमत्तेची जप्ती व तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. हुकूम रद्द करण्याची मागणी फेटाळली गेल्यास आदेश ४३ अन्वये अपील करता येते. दाव्याची पूर्वकल्पना असणाऱ्याने कलम १४८-अ खाली कॅव्हेट दाखल केल्यास ९० दिवसांपर्यंत त्याला नोटीस मिळण्याचा हक्क राहतो.

अपुऱ्या कारणांवर हुकूम मिळविणाऱ्याकडून कलम ९५ अन्वये ५०,००० रुपयांपर्यंत भरपाई देवविता येते. तथापि ज्याचा पेरणीचा हंगाम हातचा गेला, त्याला ही रक्कम तो हंगाम परत देत नाही, आणि म्हणूनच बेलीफाने हुकूम बजावल्या दिवसापासून कागद जमवून पहिल्याच तारखेस उभे राहणे, हाच या प्रतिवादाचा प्राण होय.