पाटाला पाटकरी, शाळेला कोण?

गेल्या शनिवारी घरी वालचंदनगरला गेलो होतो. रविवारी सकाळी मामांकडे चक्कर मारली. गाव जवळच, गाडीवर दहा मिनिटं. मामा तिथल्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहेत. म्हणाले, "तू इंजिनियर ना? चल, जरा छत बघून दे."

मी म्हटलं, मामा, मी कॉम्प्युटरवाला! पण मामांना ते मान्य नाही :)

शाळेत चार खोल्या. एकीला कुलूप, दारावर खडूनं लिहिलेलं 'धोकादायक'. त्या खोलीतला वर्ग व्हरांड्यात बसतो. शिडी लावून वर चढलो, तर स्लॅबवरचा पाणी जायचा पाइप पिंपळाच्या पानांनी गच्च तुंबलेला. म्हणजे दर पावसाळ्यात पाणी वरच साठणार, हळूहळू स्लॅबमध्ये मुरणार. आतल्या सळया गंजणार. गंजलेली सळई फुगते आणि खालचं काँक्रीट फोडून टाकते. मग एक दिवस खपली मुलांच्या डोक्यावर. मूळ कारण काय? मूठभर पानं.

मामा म्हणाले, "ही खोली आता निर्लेखनाला टाकायची. नवी मंजूर करून आणता येते रे. पण पाइप साफ करायला माणूस मागितला तर कुणाकडं मागायचा?"

हा प्रश्न डोक्यातून जाईना. घरी येऊन वाचत बसलो.

आमच्या भागात सरकारनं दोन गोष्टी जुन्या काळापासून बांधल्या: पाट आणि शाळा. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर, १८८० च्या दशकात नीरा डावा कालवा झाला. त्याला पहिल्यापासून पाणीपट्टी होती. पाट फुटला की सरकारचा महसूल बुडायचा. म्हणून पाटावर पाटकरी आला, कालवा निरीक्षक आला, गाळ काढणं आलं. शाळेचं तसं नव्हतं. मुंबई इलाख्यात १८६० च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा लोकल फंड बसवला आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला दिला. म्हणजे पैसा शेतकऱ्याचाच. पण कितीतरी गावांत शाळा भरायची देवळात, नाहीतर धर्मशाळेत किंवा चावडीत. स्वतःची इमारत असणं हीच चैन, तिथे देखभालीचं कोण बोलणार? आणि शाळा पडली तरी तिजोरीत एक रुपयाही कमी येत नव्हता.

पुढे मालक बदलत गेले. १९२३ च्या कायद्यानं प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांकडे आल्या, १९४७ ला नवा कायदा झाला, १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या. १९८७ च्या खडू-फळा मोहिमेनं किमान दोन खोल्या आणि व्हरांडा हे माप ठरवलं. सर्व शिक्षा अभियानात दुरुस्तीसाठी वेगळे पैसे आले: तीन खोल्यांपर्यंत वर्षाला ५,००० रुपये, जास्त खोल्या असतील तर १०,००० पर्यंत. २०१८ च्या समग्र शिक्षामध्ये ते एकत्रित अनुदानात गेले. शंभरच्या आत पट असला तर जास्तीत जास्त २५,०००, त्यातच खडू, वीजबिल, स्वच्छता सगळं. आता पटावर पैसे म्हटल्यावर, मुलं कमी झाली की पैसे कमी. पण छताला पट कळत नाही हो. वीस मुलं असोत की ऐंशी, पाऊस तेवढाच पडतो.

याउलट आमची कॉलनी. १९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर ऊस आणि साखर कारखाना उभा केला. हा माणूस मुळात रेल्वेची कामं घेणारा कंत्राटदार. कारखान्याबरोबर घरं, दवाखाना, शाळा असं गावच वसवलं. लहानपणी नळ गळला की कंपनीत चिठ्ठी द्यायची, माणूस यायचा. मला वाटायचं सगळीकडे असंच असतं. पण तिथेही शेवटी कारण पाटाचंच: कामगार टिकला तर कारखाना चालणार. मालकाला गरज, म्हणून देखभाल. अशा व्यवस्थेत कंपनीचे दिवस फिरले की चिठ्ठीही फिरणार.

मग शाळेची गरज नक्की कुणाला? ज्यांची मुलं आत बसतात त्यांना. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले आणि शाळा विकास आराखडा करायचं काम त्यांना दिलं. बहुतेक आराखड्यांत असतं काय, तर नवीन खोली, नवीन कंपाउंड. आमच्याकडेही तेच! नवीन फीचरला बजेट, जुन्या बगला "बघू पुढच्या रिलीजला".

मी मामांना एवढंच सुचवलं की आराखड्यात पहिली ओळ ही घाला: मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी छत झाडणं, पाइप मोकळा करणं. मजुरी किती, पैसे कुठून, येणार कोण, नावासकट.

मामांनी वहीत लिहून घेतलं. नावाच्या रकान्यात आधी स्वतःचं लिहिलं, मग माझ्याकडे बघून खाली माझं :)

असो. कुलूप लावलेली खोली आता वाचणार नाही. उरलेल्या तीन वाचायला हव्यात. मे महिन्याची सुट्टी टाकून ठेवलीय. तुमच्या गावच्या शाळेच्या छतावर शेवटचं कोण चढलं होतं, जरा विचारून बघा.