क्वेरी सर्व्हर आणि फ्रेमवर्क: सांध्याचा छोटासा इतिहास

संशोधनाचा डेटा वेबवर ठेवताना एक प्रश्न हमखास येतो: ग्राफक्यूएल सर्व्हर एक्सप्रेससारख्या फ्रेमवर्कला जोडायचा कसा? कोड चार-पाच ओळींचा आहे, पण तो तसाच का लिहायचा हे इतिहास पाहिल्यावर नीट कळतं.

सुरुवात १९९३ मधल्या सीजीआयपासून करू. वेब सर्व्हर विनंतीची माहिती ठरलेल्या पद्धतीने प्रोग्रामकडे द्यायचा आणि प्रोग्रामने छापलेलं उत्तर ब्राउझरला पाठवायचा. प्रोग्राम सी मध्ये लिहिलाय की पर्लमध्ये, याच्याशी सर्व्हरला काही देणंघेणं नव्हतं. २००३ मध्ये पायथनच्या डब्ल्यूएसजीआयने हाच विचार पुढे नेला: सर्व्हर कुठलाही, फ्रेमवर्क कुठलंही, मधला करार एकच.

ग्राफक्यूएल फेसबुकमध्ये २०१२ साली, मोबाइल ॲपच्या गरजेतून जन्मलं आणि २०१५ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. त्याच्या मूळ स्पेसिफिकेशनने क्वेरीची भाषा ठरवली. फ्रेमवर्कला जोडायचं कसं, हे मात्र मोकळं सोडलं. मग अपोलो सर्व्हरने एक्सप्रेस, कोआ, फास्टिफाय अशा प्रत्येकासाठी वेगळं पॅकेज काढलं. म्हणजे सांधे वाढले आणि ते सांभाळायचं कामही वाढलं. २०२२ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीने गाभा एकच ठेवला आणि जोडणी एका पातळ थरात आणली. एक्सप्रेसमध्ये आधी सर्व्हर सुरू करायचा. मग सीओआरएस आणि जेसन पार्सर आपण स्वतः लावायचे आणि त्यांच्यामागे अपोलोचं मिडलवेअर. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण एक्सप्रेस मिडलवेअर लावलेल्या क्रमानेच चालवतं. पार्सर मागे राहिला, तर अपोलोच्या हातात क्वेरी पोचतच नाही.

आता तुमच्या कामाचं बोलू. पीएचडी चार-पाच वर्षं चालते. तेवढ्यात फ्रेमवर्कची आवृत्ती बदलतेच. म्हणून रिझॉल्व्हरमध्ये एक्सप्रेसचे रिक्वेस्ट-रिस्पॉन्स थेट वापरू नका. वापरकर्ता कोण, डेटाबेस कुठला, एवढंच कॉन्टेक्स्टमधून आत द्या. मग उद्या फ्रेमवर्क बदललं तरी फक्त सांधा बदलावा लागेल. शिवाय वेब सर्व्हर न चालवताही क्वेरी तपासता येतील. तुमचे निष्कर्ष दुसऱ्या कुणाला पुन्हा पडताळून पाहायचे असतील, तर त्याला तुमचं फ्रेमवर्क नको असतं. तुमच्या क्वेरीचं तेच उत्तर हवं असतं.