द्विनेत्रीतून ग्रह-उपग्रहदर्शन : जत परिसर

द्विनेत्रीतून ग्रह-उपग्रहदर्शन : दोन्ही डोळ्यांनी वापरायच्या जोडदुर्बिणीतून, म्हणजे बाजारात बायनॉक्युलर या नावाने मिळणाऱ्या साधनातून, ग्रह व त्यांचे उपग्रह यांचे केलेले निरीक्षण. या साधनाने ग्रहाचे बिंब फारसे मोठे होत नाही. ग्रह आज कोठे आहे, त्याच्या जवळचे ठिपके कालच्यापेक्षा किती सरकले, हे मात्र स्पष्ट कळते. त्यामुळे एका रात्रीच्या दर्शनापेक्षा लागोपाठच्या रात्रींच्या नोंदींना येथे अधिक मोल आहे.

स्थान : जत हा सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा, कर्नाटकाला लागून असलेला तालुका. पूर्वी हे डफळे घराण्याचे संस्थान होते. पर्जन्यछायेतील या पठारी माळरानावर क्षितिज दूरवर मोकळे असते. परतीचा पाऊस ओसरल्यावर कार्तिकापासून माघापर्यंतच्या रात्री निरीक्षणास सर्वांत सोयीच्या असतात. उन्हाळ्यात धुळीने क्षितिजालगतचा भाग मळकट होतो. गावातील दिवे व पवनचक्क्यांवरचे तांबडे दिवे पाठीमागे राहतील अशी जागा निवडावी.

जत सु. १७° उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे ग्रह मध्यमंडलावर (आकाशातील उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो तेव्हा त्याची उंची क्षितिजापासून क्वचितच ४८ अंशांच्या खाली जाते. मिथुन राशीतला ग्रह तर जवळजवळ डोक्यावर असतो. धनू राशीतला ग्रह इंग्लंडमधील ग्रिनिच येथे जेमतेम १५ अंश वर येतो आणि वातावरणाच्या जाड थरातून पाहावा लागतो. जतचे रेखांश सु. ७५° पूर्व, तर भारतीय प्रमाणवेळ ८२.५° पूर्व रेखांशाची आहे. म्हणून प्रतियुतीला (सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला) असलेला ग्रह येथे बाराच्या ठोक्याला नव्हे, तर रात्री साडेबाराच्या सुमारास मध्यमंडल ओलांडतो.

साधन : द्विनेत्रीवर ७×५० किंवा १०×५० असे आकडे असतात. पहिला आकडा प्रतिमा किती पट मोठी दिसते ते सांगतो, तर दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशशलाकेची जाडी मिळते : १०×५० मध्ये ती ५ मिमी. असते. ग्रहांसाठी १०×५० ही सर्वसाधारण सोयीची निवड होय. तिच्यातून सु. ६ अंश रुंदीचे आकाश, म्हणजे ओळीने ठेवलेल्या बारा पूर्ण चंद्रांएवढा पट्टा, एका वेळी दिसतो. याहून जास्त वर्धनाची द्विनेत्री हातात स्थिर राहत नाही. तिला तिवई लागते. येथे ग्रह बहुधा उंचावर असल्यामुळे उभ्याने पाहिले तर मान अवघडते. अंगणात बाज टाकून किंवा घोंगडी अंथरून उताणे पडावे व कोपरे टेकवावीत. प्रथम डावा डोळा मधल्या चाकाने, मग उजवा त्याच्या नेत्रिकेवरील कड्याने जुळवून घ्यावा. तारा टाचणीच्या टोकासारखा दिसला की जुळणी बरोबर झाली असे समजावे.

गुरू : द्विनेत्रीसाठी सर्वांत फलदायी ग्रह. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० रोजी गुरूजवळ तीन ठिपके पाहिले. आठवडाभरात चौथाही सापडला. आयो, युरोपा, गॅनिमीड व कॅलिस्टो हे ते चार उपग्रह. त्यांची तेजस्विता पाचव्या-सहाव्या प्रतीची आहे. एरवी अंधाऱ्या रात्री अशा प्रतीचा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. येथे गुरूची झळाळी त्यांना गिळून टाकते. द्विनेत्री गुरू व उपग्रह यांच्यातील दिसणारे अंतर वाढवते, म्हणून ते वेगळे होतात.

प्रतियुतीच्या सुमारास गुरूपासून कॅलिस्टो जास्तीत जास्त सु. १० कला, गॅनिमीड ६, युरोपा पावणेचार आणि आयो सव्वादोन कला दूर जातो (६० कला म्हणजे १ अंश). पहिले दोन सहज सापडतात. युरोपाला स्थिर हात लागतो आणि आयो फक्त टोकाला असताना सुटा दिसतो. संधिप्रकाश पुरता मावळण्याआधी पाहिल्यास गुरूचा झगमगाट कमी जाणवतो व जवळचे ठिपके वेगळे काढता येतात. चारांपैकी एखादा कमी दिसला, तर तो गुरूच्या पुढे, मागे किंवा त्याच्या छायेत असू शकतो. गुरूची प्रतियुती सरासरी ३९९ दिवसांनी येते.

फेरीला आयो १.७७, युरोपा ३.५५, गॅनिमीड ७.१५ व कॅलिस्टो १६.६९ दिवस घेतो. म्हणजे गॅनिमीडच्या एका फेरीत युरोपाच्या जवळपास दोन व आयोच्या चार होतात. या तिघांच्या गतींतील नेमका संबंध फ्रेंच गणिती लाप्लास याने मांडला. त्यामुळेच तिघे एकाच वेळी गुरूच्या एकाच बाजूला एका रेषेत येत नाहीत.

या गणिताचा एक धागा जतच्या शेजारी पोचतो. जतपासून सु. ६० किमी. पूर्वेस असलेल्या विजापूर येथे वेंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) यांचे अखेरचे वास्तव्य होते. पंचांगाची आकडेमोड प्रत्यक्ष आकाशाशी जुळावी यासाठी झटणारे हे गणिती ‘ज्योतिर्गणितम्’ या ग्रंथाचे कर्ते. गुरूच्या उपग्रहांमधील लाप्लासचे नाते ग्रहांना लावून त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे मांडले व ते १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ‘ब्रह्मा’ या ग्रहाचे अंतर त्यांनी पृथ्वी-सूर्य अंतराच्या सु. ३९ पट व प्रदक्षिणाकाल सु. २४२ वर्षे काढला होता. फेब्रुवारी १९३० मध्ये सापडलेल्या प्लूटोचे सरासरी अंतर ३९.५ पट व काल २४८ वर्षे आहे.

शनी : १०×५० मधून कडी सुटी दिसत नाहीत, ती पुरेशी कललेली असतील तर बिंब किंचित लांबट वाटते. २० ते २५ पट वर्धन व तिवई असेल तर कडी ओळखू येतात. मार्च २०२५ मध्ये कड्यांची कड पृथ्वीकडे आली होती. त्यानंतर ती पुन्हा उलगडत आहेत. डच शास्त्रज्ञ ह्यगेन्स याने १६५५ मध्ये शोधलेला टायटन हा उपग्रह सु. साडेआठव्या प्रतीचा असून शनीपासून जास्तीत जास्त सव्वातीन कला दूर जातो. अंधाऱ्या माळावर, तिवईवर रोवलेल्या द्विनेत्रीतून तो दिसू शकतो. त्याची फेरी सु. १६ दिवसांची.

इतर ग्रह : शुक्राची चांदणी अंतर्युतीच्या (शुक्र पृथ्वी व सूर्य यांच्यामध्ये येतो त्या वेळेच्या) आधीनंतरच्या काही आठवड्यांत ५० ते ६० विकला व्यासाची होते (६० विकला म्हणजे १ कला). तेव्हा तिची कोर १०×५० मधून ओळखता येते. अंधारापेक्षा उजळ संधिप्रकाशात ती अधिक रेखीव दिसते. बुध सूर्यापासून २८ अंशांपलीकडे जात नाही. त्याला क्षितिजालगत हुडकण्यापुरताच द्विनेत्रीचा उपयोग. मंगळाचा तांबूस रंग खुलतो, पण पृष्ठावरील खुणा किंवा त्याचे फोबस व डीमॉस हे उपग्रह दिसत नाहीत. युरेनस सु. पावणेसहाव्या, तर नेपच्यून पावणेआठव्या प्रतीचा असल्याने दोन्ही नकाशा हाती ठेवून सापडतात. २०२५–२६ मध्ये युरेनस कृत्तिकांच्या दक्षिणेला आहे. युरेनस व नेपच्यून यांच्या उपग्रहांसाठी मोठी दुर्बीणच लागते. पृथ्वीच्या चंद्रावरील विवरे मात्र उजेड-अंधाराच्या सीमेवर, विशेषतः अष्टमीच्या सुमारास, ठळक दिसतात.

दक्षता : सूर्य पूर्ण मावळल्याखेरीज पश्चिमेकडे द्विनेत्री वळवू नये. पहाटे बुध-शुक्र पाहताना सूर्योदयापूर्वीच ती खाली ठेवावी. द्विनेत्रीतून क्षणभर सूर्य दिसला तरी दृष्टी कायमची जाऊ शकते.

नोंदवही : हौशी निरीक्षकांची मराठी परंपरा जुनी आहे, पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते. घरच्या नोंदीला वही-पेन्सिल पुरते. पानावर आडवी रेघ ओढून मध्ये गुरूचे वर्तुळ काढावे, दिसतील तेवढे ठिपके त्यांच्या अंतराच्या प्रमाणात मांडावेत आणि शेजारी तारीख व वेळ लिहावी. कोणता ठिपका कोणाचा, हे पहिल्या रात्री ठरवता येत नाही. सात रात्रींनी गॅनिमीड पूर्वीच्या जागेजवळ परततो आणि ओळखू येतो. कॅलिस्टोसाठी आणखी दहा रात्री लागतात. सतरा पाने भरली की चौघांचीही किमान एक फेरी वहीत आलेली असते.